पंचनामा शेताचा होतो, मजुरीचा होत नाही

माननीय जिल्हाधिकारी साहेब,
यवतमाळ.



हे पत्र खुर्चीला लिहितो आहे, खुर्चीतल्या माणसाला नाही. यवतमाळात साहेब येतात, जिल्हा समजेसमजेपर्यंत बदलीचा आदेश निघतो, आणि नव्या साहेबांना पत्रकार पहिल्याच भेटीत शेतकरी आत्महत्यांबद्दल विचारतात. विचारायलाच हवं. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं, तेव्हापासून या जिल्ह्याचं नाव त्या प्रश्नाला चिकटलेलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तो प्रश्न सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो, आणि ज्याच्या घरात सातबाराच नाही त्याच्यापर्यंत पोचत नाही. ज्याचं पीक म्हणजे रोजची मजुरी, नाहीतर ठेकेदाराकडचा महिन्याचा पगार, त्याचं ते पीक बुडालं तर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

मी आर्णी तालुक्यात औषधाचं दुकान चालवतो. डॉक्टरांना पेशंटची नाडी दिसते, आम्हाला खिसा दिसतो. पूर्ण पट्टी नेणारा माणूस अर्धी मागायला लागला, मग सुट्ट्या चार गोळ्या, मग नुसती "डोक्याची एक द्या" म्हणायला लागला की घरातलं काम गेलं हे ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही.

एक प्रसंग सांगतो. तिशीतली एक बाई चिठ्ठी घेऊन आली. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली, जुन्यांना गेटवरूनच परत पाठवलं. चिठ्ठीवर तीन औषधं होती: एक उदासीवरची गोळी, एक झोपेची, एक पित्ताची. तिने विचारलं, "भाऊ, याच्यातली सगळ्यात कामाची कोन्ती हाय? तेवढीच द्या." मी उदासीवरची दाखवली. "हिनं आज झोप येईन का त्यायले?" मी खरं ते सांगितलं, की या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि मधेच सोडून चालत नाही. तिने पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि झोपेची घेतली, चार दिवसांची. मी तिला चूक म्हणू शकत नाही. नवरा रात्रभर उठबस करतो, एका खोलीत लेकरांचीही झोप मोडते, आणि सकाळी सातला तिला वेचणीला जायचं असतं. तिला बरा झालेला नवरा पुढच्या महिन्यात नको होता, आजची रात्र हवी होती.

साहेब, अशा घरासाठी आपल्या कार्यालयात रकाना कुठे आहे?

शेतकऱ्यासाठी आहे. डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयापासून आत्महत्येचं प्रत्येक प्रकरण आपल्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे येतं. नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जवसुलीचा तगादा ही कारणं तपासली जातात, घरातल्या कोणाच्या तरी नावावर जमीन आहे का ते बघितलं जातं, आणि मग 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शिक्का बसतो. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्या रकमेबद्दल आणि त्या शिक्क्याबद्दल शेतकरी संघटना पुष्कळ बोलल्या आहेत, मी नव्याने बोलत नाही. पण जमीन नसलेला माणूस त्या समितीत अपात्रसुद्धा ठरत नाही. त्याची फाईलच तयार होत नाही. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पोस्टमॉर्टेम होतं, आणि सरकारच्या लेखी प्रकरण संपतं.

एकूण आकडा छोटा असता तर एक वेळ समजलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभरातल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या आहेत. म्हणजे दर चारांत एक. शेतमजूर या आकड्यात धरलेले नाहीत, त्यांची मोजदाद वेगळी आहे, आणि तिथेही त्या वर्षी शेतमजूर ५,५६३ आणि जमीन कसणारे ५,३१८ होते. मजुराचा आकडा मालकाच्या पुढे गेला, तरी आपण 'शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हा' हीच पाटी मिरवतो. दोन दुःखांची शर्यत लावायची नाही मला. शेतकऱ्याच्या घराला जे मिळतं ते कमीच आहे. मजुराच्या घराला काहीच मिळत नाही, एवढंच म्हणणं आहे.

बेकारी म्हटलं की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्याला लागलेलं कुलूप येतं. आमच्याकडे ती बहुतेक वेळा कुलूप न लावता येते. निंदण हे बायकांचं काम होतं, पावसाळ्यातले दोन-अडीच महिने त्यावर घर चालायचं. तणनाशकाला दाद न देणारं कपाशीचं बियाणं परवानगी नसताना शिवारात आलं. चोर बीटी म्हणतात त्याला. त्याच्या मागोमाग एक पंप आणि एक माणूस दहा बायकांचं काम दोन दिवसांत उरकायला लागला. सोयाबीनच्या सोंगणीला हार्वेस्टर आला. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, त्यालाही मजुरी परवडत नाही. पण निंदणाला जाणाऱ्या बाईला कोणी 'उद्यापासून येऊ नको' असंही म्हटलं नाही. फक्त बोलावणं यायचं बंद झालं. आमच्याकडे काम जातं ते असं, नोटीस नाही आणि तारीख नाही. त्यामुळे त्या बाईला आपण बेकार झालो हेसुद्धा नीट सांगता येत नाही. ती दवाखान्यात जाऊन म्हणते, "जीव घाबरते, कसंतरीच होते, हातपाय गयाल्यासारखे वाटते." डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देतात.

२०१७ चं साल आठवा. त्या पावसाळ्याच्या अखेरीस फवारणीतल्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले, शेकडो लोक मेडिकल कॉलेजच्या वॉर्डांत पडून होते. मरणाऱ्यांत आणि अंथरुणाला खिळलेल्यांत मजूर मोठ्या संख्येने होते. चौकशी समिती बसली, बातम्या पार युरोपपर्यंत गेल्या. जे वाचून घरी आले त्यांच्यातल्या काहींना नंतर औषधाच्या वासानेही मळमळायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पंप पाठीवर घ्यायची हिंमत होत नव्हती. फवारणी हेच ज्याचं हंगामाचं काम, त्याचं ते काम गेलं आणि सोबत धीरही गेला. त्याच हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. पंचनामे झाले, शेतकऱ्याला हेक्टरी मदत जाहीर झाली. पण बोंडात कापूसच नाही म्हटल्यावर वेचणी कशाची? वेचणीचे पैसे किलोमागे मिळतात. ज्या बाईच्या ओटीत कापूस आला नाही तिच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणत्या तलाठ्याने केला?

तेव्हा माझी पहिली मागणी अशी, की अतिवृष्टीचा, अळीचा, गारपिटीचा पंचनामा होईल तेव्हा त्याच कागदावर त्या गावात किती मजुरांचे किती दिवस बुडाले याची एक ओळ असावी. भरपाईचा निर्णय मुंबईत होतो हे मला कळतं. मोजायला मात्र मुंबईची परवानगी लागत नाही, आणि आपल्याकडे जे मोजलं जात नाही त्यावर पैसा कधीच येत नाही.

कुलपाचीही उदाहरणं आहेतच. उमरखेडजवळचा पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना काही वर्षं बंद होता, पुढे तो भाड्याने चालवायला दिला गेला. कारखाना सुरू झाला की पेपरात फोटो येतो. मधल्या वर्षांत कारखान्याच्या वसाहतीतल्या घरांत काय शिजलं आणि काय करपलं, ते कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्या एका गावाचं लिहिलेलं आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी तिथली पाहणी केली, १९३३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. लोक चिडतील, मोर्चे काढतील असं अनेकांना वाटत होतं. उलटंच झालं. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणारे कमी झाले, हातात वेळच वेळ असताना. संशोधकांनी खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली, तर पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे, बायका मात्र लगबगीने जायच्या, कारण घरकामातून त्यांना सुटी नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलं, हे पुरुषांना आठवायचंही नाही. हे वाचताना मला आमचा बसस्टँड दिसला. पारावर, पानठेल्यावर, दिवसभर एकाच जागी बसलेली माणसं. त्यांना गावात 'आळशी' म्हणतात. आपल्या कार्यालयाच्या अहवालात त्यांना 'व्यसनाधीन' म्हणतात.

त्या शब्दाबद्दल जरा सविस्तर बोलू द्या. चौकशीच्या कागदावर 'दारूच्या व्यसनातून' असं लिहिलं की सगळ्यांची सुटका होते, तलाठ्याची, ठाणेदाराची, ठेकेदाराचीही. दारू खरी आहे. या जिल्ह्यातल्या बायका 'स्वामिनी'च्या झेंड्याखाली दारूबंदी मागत वर्षानुवर्षं रस्त्यावर आल्या, त्या काही हौसेने आल्या नाहीत. पण आधी काय झालं आणि नंतर काय झालं, याची तारीख कोणी विचारत नाही. काम कधी सुटलं? पिणं कधी वाढलं? हे दोन प्रश्न चौकशीच्या नमुन्यात घाला. उत्तरं आपोआप बोलतील.

आता आरोग्य खात्याकडे वळतो, आणि इथे माझा आवाज थोडा चढला तर माफी असावी.

दर वर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची रॅली निघते. उन्हात उभी केलेली शाळेची पोरं, हातात फलक: 'मन मोकळं करा', 'बोलल्याने दुःख हलकं होतं'. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही फलकावर असतो. क्रमांक चांगला आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मी स्वतः तो दुकानाच्या काचेवर चिकटवला आहे. पण एका खोलीच्या घरात माणसाने फोनवर बोलायचं कुठे? बायको चुलीपाशी, म्हातारी खाटेवर, पोरगी अभ्यासाला, आणि घरात मोबाईल एक. "मले जगावंसं वाटत नाही" हे वाक्य तो कोणासमोर उच्चारणार? त्याला जाऊन बसता येईल अशी जागा हवी, आणि ती पायी पोचण्याइतकी जवळ हवी.

कायदा त्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळाले पाहिजेत. प्रत्यक्षात उमरखेड किंवा झरी-जामणीच्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर यवतमाळचं मेडिकल कॉलेज. एक दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण आजारी नवऱ्याला पूर्ण, आणि तो एकटा जाण्याच्या अवस्थेत नसतो. औषध पंधरा दिवसांचं मिळालं तर पंधरा दिवसांनी पुन्हा हीच यात्रा. ज्याचं कामच गेलं आहे तो दुसऱ्या फेरीला येत नाही. कागदावर त्याने 'उपचार अर्धवट सोडले' अशी नोंद होते.

म्हणून दुसरी मागणी. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचा एक वार ठरवा, तो बाजाराच्या दिवशी ठेवा, आणि उदासीवरच्या गोळ्या एका वेळी महिन्याभराच्या द्या. ज्याच्या जिवाला धोका वाटतो त्याच्या गोळ्या घरातल्या माणसाच्या हाती, थोड्या थोड्या द्याव्या लागतील. ते डॉक्टर ठरवतील. पण सरसकट सगळ्यांना हेलपाटे नकोत.

घरोघर जाऊन विचारण्याची व्यवस्था शासनाने केलेली आहे, हे मी विसरलेलो नाही. २०१५ पासून आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आशाताईंच्या हाती प्रश्नावली आली. कल्पना उत्तम. पण प्रकल्पाच्या नावातच 'शेतकरी समुपदेशन' आहे, आणि नावाचा परिणाम होतो. शेत नसलेल्या घरात आशाताई लसीकरणाचं विचारते आणि पुढे जाते. तिच्याकडे कामांची यादी हातभर आणि मोबदला बोटभर, तिला तरी काय बोलणार? अशा कामाचं फळ मिळतं याचा पुरावा लांब शोधायला नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी घरोघर बोलणं सुरू झालं. उदासीच्या आजारात मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चारावरून सत्तावीसावर गेलं. २०१७ मध्ये 'लान्सेट सायकिअॅट्री'त ते छापून आलं. गावातला माणूस 'डिप्रेशन' म्हणत नाही, 'टेन्शन' म्हणतो, हे ओळखून त्यांनी काम केलं होतं. प्रेरणाच्या प्रश्नावलीत एकच प्रश्न वाढवा: "गेल्या तीन महिन्यांत घरातल्या कोणाचं काम सुटलं का?" आणि तो भूमिहीनांच्या वस्तीत, तांड्यावर, कोलाम पोडांवर आधी विचारा.

जिल्ह्यात कुठे कारखाना बंद झाला, ठेका बदलला, पन्नास-शंभर माणसं घरी बसली, तर कामगार अधिकाऱ्यांना कळतं. ते आरोग्य अधिकाऱ्यांना कधी कळवतात का? दोन्ही कार्यालयं आपल्याच बैठकीला येतात. साथीचा एक रुग्ण सापडला तर अख्ख्या गावात पथक जातं. शंभर चुली एका दिवशी थंडावल्या तर एक पत्रही जात नाही. हे पत्र जावं, ही तिसरी मागणी. त्याच पत्रासोबत कोणाचा किती पगार थकला, कोणाच्या पीएफचा अर्ज कुठे अडला, कोण ईएसआयचा सभासद होता, हेही जावं. ईएसआयच्या 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'त नोकरी गेलेल्याला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळू शकते. माझ्या काउंटरवर आलेल्या एकालाही ती माहीत नव्हती. ठेकेदाराने नावच नोंदवलेलं नसेल तर माहीत असूनही उपयोग नाही, हे खरं, पण मग ते तरी कागदावर येईल.

कारण नुसत्या समुपदेशनाने हे भागणार नाही, साहेब. पैसा हेही औषधच आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी सरकारी योजना टप्प्याटप्प्याने तालुक्यांत गेली. अभ्यासकांनी पुढे हिशेब लावला, तर योजना पोचलेल्या भागात आत्महत्या सुमारे अठरा टक्क्यांनी घटल्या होत्या. आपल्याकडे तर त्याहून जुनी वाट आहे. 'मागेल त्याला काम' हा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाच्या कितीतरी आधी. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता, असं त्यात आहे. म्हणूनच गावात काम मागणाऱ्याला तारखेची पोच द्यायला टाळाटाळ होते. पोच नाही, म्हणजे मागणी नाही, म्हणजे भत्ता नाही. फेब्रुवारीत वेचणी आटोपते, उन्हाच्या तोंडावर जिनिंगची चाकं थांबतात, आणि मृग लागेपर्यंत हाताला काम नसतं. ते तीन महिने माझ्या दुकानात सगळ्यात वाईट. त्या महिन्यांपुरती तरी पोच सक्तीची करा.

आणि हप्तेवाले. बचत गटाच्या, फायनान्सच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता घरातल्या बाईच्या नावावर असतो. नवऱ्याचं काम गेलं तरी वसुलीवाल्याचा वार चुकत नाही. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम सांगतात, की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते असता कामा नयेत, वसुली ठरलेल्या जागी व्हावी, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावू नये. हे नियम मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला किती खर्च येईल? दारात गाडी उभी राहिली की मागच्या दाराने निघून जाणारा बाप लेकरं रोज बघतात. त्या बापाला समुपदेशक काय सांगणार, दीर्घ श्वास घ्या?

हे सगळं मी का लिहितो, तेही सांगतो. २०२१-२२ च्या संपात एसटीच्या हजारो कामगारांवर निलंबनाची, बडतर्फीची कारवाई झाली, काहींनी जीव दिला. ती मरणं पेपरात आली, कोर्टात गेली, कारण त्यांच्या मागे संघटना होती, अंगावर खाकी होती. कंत्राटी पोराच्या आणि निंदणाऱ्या बाईच्या मागे कोणी नाही. म्हणून हे पत्र.

मला लेखी उत्तर नको, आपल्या कार्यालयाचा कागद वाचवा. जिनिंगचा हंगाम संपायच्या आत ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर 'मानसोपचार, अमुक वार, महिन्याच्या गोळ्या मोफत' एवढी पाटी लावा. माझ्या दुकानातली त्या गोळ्यांची विक्री पडेल. खुशाल पडू द्या.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता
तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ